स्कार्लेट लेटर : हेस्टरचं खरं पाप कुठलं?

शेवंती :
एमएला अमेरिकन लिटरेचरच्या पेपरला नथॅनिएल हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर' होती. वाचली होती म्हणणं खोटं होईल, गाईड वाचलं होतं, तेही झेरॉक्स. आता वीस वर्षांनी लेकीच्या कपाटात सापडली म्हणून नीट पहिल्यापासून वाचली आणि दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सतराव्या शतकातलं बॉस्टन, कडक प्युरिटन (म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट) लोकांची वसाहत. हेस्टर प्रिन या बाईला नवरा गावात नसताना मूल होतं. शिक्षा म्हणून तिला तान्ह्या पोरीसकट (पर्ल तिचं नाव) बाजारातल्या चौथऱ्यावर तीन तास उभं करतात आणि छातीवर लाल 'ए' (अ‍ॅडल्टरीचा, म्हणजे व्यभिचाराचा) अक्षर जन्मभर वागवायला लावतात. बाप कोण ते ती सांगत नाही. बाप आहे गावाचा लाडका तरुण पाद्री डिम्सडेल. तो पण सांगत नाही. आणि त्याच दिवशी तिचा म्हातारा नवरा गावात उगवतो, रॉजर चिलिंगवर्थ असं खोटं नाव घेतो, वैद्य म्हणून डिम्सडेलच्याच घरात राहायला जातो आणि त्याला आतून कुरतडत बसतो.

तर गाईडात प्रश्न असायचा की डिम्सडेल गप्प का राहतो. मला वाचताना दुसरंच टोचलं. हेस्टर एक नाही, दोन गुपितं ठेवते. पहिलं, गावापासून प्रियकराचं नाव. त्याबद्दल सगळे तिला मानतात, मीही मानते. पण दुसरं? तुरुंगात नवरा भेटायला येतो आणि म्हणतो की माझीही ओळख कुणाला सांगायची नाही, आणि ही शपथ घेते. म्हणजे सात वर्षं तिला माहीत आहे की डिम्सडेलच्या उशाशी कोण बसलंय, आणि ती त्याला सांगत नाही! मला तर वाटतं त्या बाईच्या हातून झालेलं खरं पाप हे आहे, ते अक्षरवालं नाही. तुम्हाला काय वाटतं?

मिरचीभजी :
स्पॉयलर अलर्ट तरी द्यायचा ताई :(

शेवंती :
१८५० साली आलेलं पुस्तक आहे हो. पावणेदोनशे वर्षं वाट बघितली मी.

सातबारा :
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कोपऱ्यातला_दिवा :
पाप म्हणू नका, चूक म्हणा. ती तुरुंगात आहे, अंगावर तान्हं मूल, नुकती सगळ्या गावाने तिची शोभा केलीय, आणि समोर नवरा ज्याच्याशी तिने वाईट वागलंय असं तिला स्वतःला वाटतं. तो तेव्हा मुलीला आणि तिला औषध देतो, ती घाबरते की विष तर नाही ना. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणेल. आणि तो तिला सरळ सांगतो की तोंड उघडलंस तर तुझ्या प्रियकराची अब्रू, पद, जीव सगळं माझ्या हातात आहे. म्हणजे ती गप्प राहिली ती त्याला वाचवायलाच.

शेवंती :
पहिल्या दिवशी ठीक आहे. सात वर्षं?

पुस्तकी_उंदीर :
चर्चा छान चाललीय. माझा आवडता तुकडा म्हणजे पहिल्याच चौथऱ्याच्या प्रसंगात म्हातारे पाद्री विल्सन हे काम कोणाला सांगतात, तर डिम्सडेलला! तुझ्या मंडळीतली बाई आहे, तूच तिला विचार तुझा साथीदार कोण. आणि तो सज्जाच्या कठड्यावरून वाकून तिला सांगतो की त्याच्यावर खोटी दया दाखवू नकोस, उंच जागेवरून खाली उतरून तुझ्याशेजारी उभं राहावं लागलं तरी ते जन्मभर मनात लपवण्यापेक्षा बरं. आता हे गावाला ऐकू येतंय एक, आणि तिला ऐकू येतंय दुसरंच. तो अक्षरशः तिच्याकडे भीक मागतोय की तू माझं नाव घे, कारण माझ्याच्याने होत नाही. आणि ती नाही म्हणते. त्या एका नकारात मला दरवेळी प्रश्न पडतो की तिने त्याच्यावर उपकार केले की अन्याय.

मिरचीभजी :
म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याचा चौकशी अधिकारी स्वतःच. आपल्याकडे अशा समित्या खूप असतात :ड

सातबारा :
आणि अहवाल सात वर्षांनी.

तारीख_पुढची :
कायद्याच्या बाजूने थोडं टाकतो, कारण धाग्यात 'शिक्षा जास्त होती' असं कुणीतरी म्हणणारच. उलट त्या काळच्या मानाने हेस्टर स्वस्तात सुटली. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत व्यभिचाराला फाशीच होती, आणि ती नुसती कागदावर नव्हती. १६४४ साली मेरी लॅथम नावाची साधारण अठरा वर्षांची मुलगी आणि जेम्स ब्रिटन नावाचा माणूस, दोघांना फाशी दिलं बॉस्टनमध्ये. मुलीचं लग्न एका म्हाताऱ्याशी झालेलं होतं. कादंबरी घडते तोच काळ आहे हा, १६४२ ते ४९. हॉथॉर्नने कादंबरीत कारण दिलंय की नवरा बहुधा समुद्राच्या तळाशी असावा म्हणून न्यायाधीशांनी दया दाखवली.

अक्षराची शिक्षाही खरीच. प्लिमथ वसाहतीत १६५८ च्या कायद्यात कपड्यावर 'एडी' ही दोन अक्षरं होती. मॅसॅच्युसेट्समध्ये १६९४ चा कायदा आला त्यात दोन इंच उंचीचा 'ए', शिवाय गळ्यात दोर अडकवून तासभर फाशीच्या तख्तावर बसायचं आणि चाळीसपर्यंत फटके. म्हणजे हेस्टरच्या काळात अक्षर नव्हतं, हॉथॉर्नने मागे ओढून घेतलंय.

आता मूळ मुद्द्याला लागू होईल अशी गोष्ट. गव्हर्नर विन्थ्रॉपच्या रोजनिशीत त्या मेरी लॅथमबद्दल लिहिलंय की तिने आणखी बाराजणांची नावं घेतली. पाच जण सापडले, पकडले, त्यांनी कानावर हात ठेवले. दुसरा साक्षीदार नाही, आणि फाशीची शिक्षा झालेल्या बाईचा शब्द कोण धरणार? सुटले सगळे. तेव्हा हेस्टरने नाव घेतलं असतं तरी डिम्सडेल 'नाही' म्हणाला असता की संपलं. लोकांनी तिलाच खोटारडी ठरवलं असतं.

पुस्तकी_उंदीर :
बापरे, हे माहीत नव्हतं. पण डिम्सडेल 'नाही' म्हणाला असता का? मला वाटतं तो कोसळला असता तिथेच.

तारीख_पुढची :
तो सात वर्षं कोसळतोच आहे, पण सोयीने.

कोपऱ्यातला_दिवा :
"सोयीने कोसळणे" जबरदस्त :)

फणसपोळी :
अवांतर. आपल्याकडे अक्षर भरायला लावलं असतं तर? 'व्य' हे जोडाक्षर जरीने भरायचं म्हणजे हेस्टरसारखी सुगरणच लागली असती. माझ्यासारखीच्या हातून 'त्य' दिसलं असतं आणि लोक म्हणाले असते, बाई सत्यवादी दिसते.

मिरचीभजी :
हाहाहा. फणसपोळी, पुढे गावाने हेच केलंय की! काही वर्षांनी लोक म्हणायला लागतात की 'ए' म्हणजे एबल. सक्षम बाई. आजाऱ्यांच्या उशाशी रात्र रात्र बसते म्हणून. आणि विन्थ्रॉप वारला त्या रात्री आकाशात उल्केने 'ए' उमटला तर चर्चचा माणूस म्हणतो एंजल. ज्याला जे हवं ते वाचा.

उंबरठा :
मी सहसा इथे वाचनमात्र असते. पण एक लिहिते.

आजोळ कोकणात. माझ्या आजीच्या शेजारी एक बाई राहायची, नवरा मुंबईला गिरणीत, आणि तिचं काहीतरी 'प्रकरण' झालं होतं असं आम्हा पोरांना अर्धवट कळायचं. गावकीने घर वाळीत टाकलं होतं. विहिरीवर ती दुपारी जायची, दोनला, जेव्हा कोणी नसतं. पण हात असा होता शिवणाला की काय सांगू. गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी तीच शिवायची. माप मागच्या दाराने, पैसे मागच्या दाराने. माझ्या आजीचंही. फक्त लग्नाचं काही तिच्याकडे द्यायचं नाही. नवरीचं पोलकं रत्नागिरीहून शिवून यायचं आणि ते कायम खांद्यात उसवायचं.

म्हणून हेस्टरचं ते प्रकरण वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवावं लागलं मला. तिने भरलेली झालर गव्हर्नरच्या गळ्यात, सैनिकांच्या पट्ट्यांवर, पाद्र्यांच्या पोशाखावर, बाळाच्या टोपड्यावर, मेलेल्या माणसाच्या कफनावरसुद्धा. एकच गोष्ट तिला कधी दिली नाही, नवरीचा पांढरा बुरखा. अमेरिकेतल्या माणसाला आमच्या आळीतलं कसं कळलं म्हटलं.

त्या बाईच्या प्रकरणातला पुरुष कोण ते आजीला माहीत होतं. मी मोठी झाल्यावर विचारलं तर म्हणाली, "मेला तो. आता कशाला." भजनात पेटी वाजवायचा एवढंच कळलं.

फणसपोळी :
उंबरठा, __/\__

कोपऱ्यातला_दिवा :
काय लिहिलंत. पेटी वाजवायचा...

सातबारा :
माझे आधीचे दोन्ही प्रतिसाद मागे घेतो.

तारीख_पुढची :
वाळीत टाकण्याविरुद्ध आता महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे, सामाजिक बहिष्कारविरोधी, २०१६ चा, २०१७ पासून लागू. आणि व्यभिचाराचं ४९७ कलमही २७ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. गंमत म्हणजे आपल्या ४९७ मध्ये बाई गुन्हेगार नव्हतीच, फक्त पुरुष. बरोबर उलटं. अर्थात ते बाईच्या सन्मानासाठी नव्हतं, बाई नवऱ्याची मालमत्ता आणि मालमत्तेवर गुन्हा कसा दाखल करणार, असा तो हिशोब.

बॉस्टनवासी :
उशिरा आलो. इथे पंधरा वर्षं राहतोय तेव्हा दोन गोष्टी डोळ्यांनी पाहिलेल्या सांगतो.

एक, बॉस्टनमध्ये किंग्ज चॅपलच्या शेजारच्या जुन्या दफनभूमीत एलिझाबेथ पेन नावाच्या बाईची कबर आहे, १७०४ ची. दगडावर एक ढाल कोरलीय आणि तिच्यात नीट पाहिलं तर 'ए'सारखं दिसतं. हेस्टरचं थडगं त्यावरून सुचलं असं इथे सांगतात. कादंबरीत शेवटी दोघांच्या थडग्यांना मिळून एकच दगड आहे आणि काळ्या ढालीवर लाल 'ए'. पण दोन थडग्यांमध्ये थोडी जागा सोडलेली, म्हणजे मेल्यावरही माती एकत्र होऊ द्यायची नाही.

दोन, सेलम. आमच्या घरी कुणी देशातून आलं की त्यांना सेलमला न्यावंच लागतं, ऑक्टोबरमध्ये तर पार्किंग मिळत नाही, सगळीकडे टोप्या घातलेल्या चेटकिणी आणि भोपळे. पण मागे चार्टर स्ट्रीटच्या दफनभूमीत जॉन हॅथॉर्नची कबर आहे. हा लेखकाचा खापरपणजोबा. १६९२ च्या चेटकीण खटल्यांत उलटतपासणी करणारा न्यायाधीश. एकोणीस जणांना फाशी झाली आणि एका म्हाताऱ्याला छातीवर दगड ठेवून मारलं. आणि त्या कबरीला अगदी लागून त्या बळींचं स्मारक आहे, १९९२ चं, दगडी बाकं, एकेकावर एकेकाचं नाव. मी तिथे बसून समोसा खाल्लाय, नंतर लाज वाटली.

लेखकाने स्वतःच्या आडनावात डब्ल्यू घालून हॅथॉर्नचं हॉथॉर्न केलं. का केलं ते त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की पूर्वजांची लाज मी माझ्या अंगावर घेतो. तेव्हा पाप आणि गुपित हा त्याच्यासाठी घरचाच विषय.

पुस्तकी_उंदीर :
त्या खटल्यातल्या न्यायाधीशांपैकी सॅम्युअल स्यूअलने पाच वर्षांनी, १६९७ मध्ये, भर चर्चमध्ये उभं राहून माफी मागितली होती. त्याचा माफीनामा पाद्री वाचत होता आणि हा आपल्या जागेवर मान खाली घालून उभा. म्हणजे डिम्सडेलला जे सात वर्षं जमलं नाही ते एका खऱ्या न्यायाधीशाला जमलं होतं. हॅथॉर्नने मात्र कधी माफी मागितली नाही.

मिरचीभजी :
ती प्रस्तावना म्हणजे कस्टम हाऊसवालं प्रकरण ना? मी तिथेच तीनदा झोपलोय. पुस्तक बंद.

बॉस्टनवासी :
ती सोडून वाचा हो, कोणी पकडत नाही. पण मजेदार आहे. सेलमच्या कस्टम हाऊसमध्ये तो सरकारी नोकर होता, १८४९ मध्ये सरकार बदललं आणि याची नोकरी गेली. मग त्याने सगळ्या जुन्या सहकाऱ्यांवर, दुपारी भिंतीला खुर्च्या टेकवून घोरणाऱ्यांवर, असं लिहिलं की गाव चिडलं.

मिरचीभजी :
खुर्च्या टेकवून घोरणारे? मग वाचतो. ऑफिसातच वाचतो.

फेणीभात :
गोव्यातून हात वर करतो. एक मुद्दा कुणी घेतला नाही. आमच्या शेजारच्या कॅथलिक घरांत कुमसार असतो, म्हणजे पाद्रीपुढे गुडघे टेकून पाप सांगायचं, तो प्रायश्चित्त सांगतो, आणि तो कुणाला सांगत नाही. झालं, माणूस हलका होऊन घरी जेवायला. प्युरिटनांनी हेच काढून टाकलेलं. त्यांच्याकडे एक तर सगळ्या मंडळीपुढे बोला, नाहीतर देवाशी एकट्याने. मधली खिडकीच नाही. डिम्सडेल अडकलाय तो तिथे. तो चाबूक कपाटात ठेवतो, स्वतःला मारतो, उपास करतो गुडघे थरथरेपर्यंत, रात्र रात्र जागतो, म्हणजे सगळं प्रायश्चित्त झालंय पण कबुली नाही, त्यामुळे जमाच होत नाही.

आणि हॉथॉर्नला हे खुपत असणार. नंतरच्या 'द मार्बल फॉन' (१८६०) मध्ये त्याने एक प्युरिटन घरातली मुलगी दाखवलीय जिला दुसऱ्याच्या गुन्ह्याचं गुपित सहन होत नाही, आणि ती रोममध्ये सेंट पीटर्समध्ये जाऊन कॅथलिक पाद्रीपुढे कबुली देते! पुढे त्याची स्वतःची धाकटी मुलगी रोझ १८९१ मध्ये कॅथलिक झाली, नन झाली, गरीब कॅन्सर पेशंटची सेवा करत राहिली.

कोपऱ्यातला_दिवा :
फेणीभात, एक नंबर मुद्दा. फक्त एक भर. तो मंडळीपुढे बोलतो, हेच तर भयंकर आहे. प्रवचनात उभा राहून म्हणतो की मी अधमाहून अधम, मी घाण, तुम्ही मला इथून खाली खेचा. आणि लोक म्हणतात, काय हा विनम्र साधू! हा स्वतःला एवढा पापी म्हणतो तर आपण कुठे! आपल्याकडे संतांनी स्वतःला पतित म्हणायची एवढी मोठी परंपरा आहे की आपणही तसंच केलं असतं, पाया पडलो असतो. आणि तो हे जाणून करतो. खरं बोलून खोटं पसरवणं. याहून भारी ढोंग मी कुठे वाचलं नाही.

सातबारा :
मग मोठा पापी तोच. धागा बंद करा.

शेवंती :
थांबा थांबा, चिलिंगवर्थ राहिला. डिम्सडेल जंगलात हेस्टरला भेटतो तेव्हा स्वतःच म्हणतो की आपल्या दोघांपेक्षा तो म्हातारा जास्त पापी, कारण त्याने थंड डोक्याने माणसाच्या मनाची विटंबना केली. आणि वैद्याला जुन्या इंग्रजीत लीच म्हणायचे, त्या नावाचं प्रकरणच आहे. आपली जळू! हे मला एमएला कोणी सांगितलं असतं तर गाईड लागलं नसतं.

फणसपोळी :
जळू निदान पोट भरल्यावर सुटते. हा डिम्सडेल मेल्यावर वर्षभरात स्वतःच वाळून मेला, रक्त संपलं ना. पण जाताना इस्टेट कोणाला, तर पर्लला. बॉस्टनमधली आणि इंग्लंडमधली दोन्ही. हे मला कधीच कळलं नाही. सूड उगवणारा माणूस शत्रूच्या मुलीला जमीनजुमला का देतो?

तारीख_पुढची :
कायद्याने ती त्याच्या बायकोची मुलगी :)

फणसपोळी :
वकीलसाहेब, तुम्हाला हृदय आहे का हो?

पुस्तकी_उंदीर :
मला तर जंगलातून परत येतानाचा डिम्सडेल सगळ्यात खरा वाटतो. हेस्टरबरोबर पळून जायचं ठरलंय, चार दिवसांनी ब्रिस्टलला जाणारं जहाज आहे, आणि त्याला पहिलं काय सुचतं? बरं झालं, तोवर निवडणुकीच्या दिवसाचं प्रवचन उरकता येईल, लोक म्हणायला नकोत की काम अर्धवट टाकून गेला! मग रस्त्याने चालताना त्याला एकेक वाह्यात इच्छा होते. आदरणीय म्हाताऱ्या डीकनच्या कानात काहीतरी पाखंडी बोलावं, विधवा आजीबाईला सांगावं की आत्मा वगैरे काही नसतो, खेळणाऱ्या पोरांना शिव्या शिकवाव्यात, दारुड्या खलाशाशी हात मिळवून शिव्या हासडाव्यात. सात वर्षं दाबलेला माणूस झाकण उघडल्यावर पहिल्यांदा पोरांना शिव्या शिकवायला निघतो. यावर मी बसमध्ये एकटाच हसलो होतो.

मिरचीभजी :
मला हे पात्र आवडायला लागलंय.

बॉस्टनवासी :
किस्सा. हॉथॉर्नने शेवट बायकोला, सोफियाला, मोठ्याने वाचून दाखवला तर तिचं डोकं इतकं दुखलं की ती जाऊन झोपली. त्याने मित्राला लिहिलं की म्हणजे पुस्तक जमलंय. अडीच हजारांची पहिली आवृत्ती दहा दिवसांत संपली.

सातबारा :
माझ्या लिखाणाने पण बायकोचं डोकं दुखतं. आवृत्ती मात्र निघत नाही.

शेवंती :
सगळ्यांचे आभार, एवढी चर्चा होईल वाटलं नव्हतं. काल रात्री ते जंगलातलं, सतरावं प्रकरण पुन्हा वाचलं, खास माझ्या प्रश्नासाठी. तिथे ती त्याला सांगते की तो म्हातारा माझा नवरा आहे. डिम्सडेलचा चेहरा असा होतो की लेखक म्हणतो त्याच्यात सैतान आला क्षणभर. म्हणतो, मी तुला माफ करू शकत नाही. आणि ही बाई, जिने सात वर्षं अख्ख्या गावाच्या नजरा झेलल्या, चौथऱ्यावर त्याचं नाव सांगितलं नाही, ती पानांच्या पाचोळ्यात पडते आणि त्याचं डोकं छातीशी घट्ट धरून ठेवते, वर बघू देत नाही, का तर त्याची नजर बघायला लागू नये म्हणून. माफ कर म्हणेपर्यंत सोडत नाही. आणि त्याचा गाल टेकलाय कुठे, तर त्या लाल अक्षरावर.

दिवा, तुम्ही म्हणालात चूक म्हणा. तारीखसाहेबांचं लॅथमचं उदाहरण वाचून पहिल्या गुपिताबद्दल मला काही शंका उरली नाही. पण दुसऱ्याबद्दल ती स्वतःच म्हणते की खोटं कधीच बरं नसतं, समोर मरण असलं तरी, आणि हे सांगण्यापेक्षा मी मेले असते तर बरं. गावाने दिलेल्या शिक्षेबद्दल ती असं एकदाही बोललेली नाही. तर मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे, सॉरी.

उंबरठा :
शेवंतीताई, माझी आजी पण ओळखत होती ना त्या पेटीवाल्याला. आणि पोलकी मागच्या दाराने.

शेवंती :
हो. तुमचा तो प्रतिसाद वाचल्यावर मी लेकीला विचारलं, तुला कोण आवडलं यात. तिने तिच्या पुस्तकात पेन्सिलने एकाच ठिकाणी रेघ मारलीय. मध्यरात्री तिघं चौथऱ्यावर उभे असतात तिथे, पर्ल त्याला विचारते की उद्या दुपारी उभा राहशील का आमच्याबरोबर. तो म्हणतो उद्या नाही, कधीतरी. आणि ती हात सोडवून घ्यायला बघते. लेक म्हणाली, तेवढंच वाचलं मी, पुढचं परीक्षेला नव्हतं.

मिरचीभजी :
आईवर गेलीय :)